वरून फोन आलाय

ऑफिसमधलं सगळ्यात पॉवरफुल वाक्य कुठलं, सांगा बघू? 'तुम्हाला प्रमोशन मिळालंय'? छे! 'उद्यापासून येऊ नका'? तेही नाही. ते वाक्य फक्त तीन शब्दांचं आहे. 'वरून फोन आलाय.' हे कानावर पडलं की काय काय होतं बघा. एक्सेल शीटमधले आकडे सुधारतात, महिनाभर नाकारलेली फाइल पास होते, डबा उघडलेला माणूस डबा बंद करून परत मीटिंगला जातो. आणि 'वर' म्हणजे नेमकं कोण, हे विचारायची पद्धत नाही. बॉस म्हणतो, वरून आलाय. बॉसचा बॉसही म्हणतो, वरून आलाय. मग सगळ्यात वर बसलंय तरी कोण?

या एका प्रश्नावर मराठीत एक भन्नाट पिक्चर आहे आणि जपानीत दोन. गेल्या महिन्यात तिन्ही पाठोपाठ बघितले. एक सांगून ठेवते, डोक्याला शॉट लागतो. रविवारी रात्री बघू नका, सोमवारी बॉसकडे वेगळ्याच नजरेने बघाल.

आधी घरचा. 'सिंहासन', १९७९. दिग्दर्शक जब्बार पटेल, पटकथा विजय तेंडुलकरांची, आणि मूळ माल अरुण साधूंच्या दोन कादंबऱ्यांचा, 'मुंबई दिनांक' आणि 'सिंहासन'. साधू स्वतः पत्रकार. त्यामुळे मंत्रालयाच्या कॉरिडॉरमध्ये कोण कुणाशी किती हळू आवाजात बोलतं, याचा हिशेब एकदम पक्का. पिक्चर ब्लॅक अँड व्हाइट आहे म्हणून नाक मुरडू नका. सुरुवात होते ती थेट फोनने. मुख्यमंत्री जिवाजीराव शिंदे, म्हणजे अरुण सरनाईक, यांना एक निनावी फोन येतो. तुम्हाला खाली खेचायचा कट शिजतोय. बास! ना गोळीबार, ना पाठलाग. पण त्या क्षणापासून समोर हसून नमस्कार करणारा प्रत्येक माणूस जिवाजीरावांसाठी संशयित होतो. आपल्यासाठीही. अर्थमंत्री विश्वासराव दाभाडे (डॉ. श्रीराम लागू) खुर्चीवर डोळा ठेवून आहेत. युनियन लीडर डिकास्टा (सतीश दुभाषी) शहर बंद पाडू शकतो, म्हणून सगळ्यांना हवा आहे. आणि या सगळ्यांच्या मधून खांद्याला शबनम लावल्यासारखा फिरतो पत्रकार दिगू टिपणीस. निळू फुले! त्याला सगळं कळतं. कोण कुणाला भेटला, कोण फुटला, कोण परत आला. कळतं सगळं, करता काहीच येत नाही. शेवटी खुर्ची आहे तिथेच राहते, माणसं थोडी इकडची तिकडे होतात, आणि दिगू वेड्यासारखा हसत सुटतो. तो हसतो ना, तेव्हा आपल्याला घशात काहीतरी अडकल्यासारखं होतं.

या पिक्चरचं शूटिंग खऱ्या मंत्रालयात झालंय. तेव्हा मुख्यमंत्री होते शरद पवार, त्यांनी परवानगी दिली. विचार करा, सत्तेच्या उंदीर-मांजराच्या खेळावर पिक्चर आणि जागा देणारा खुद्द मुख्यमंत्री. आज आपल्या सोसायटीच्या लिफ्टमध्ये रील शूट करायचं म्हटलं तरी सेक्रेटरी तीन अर्ज मागतो.

आणखी एक गोष्ट. 'सिंहासन'च्या चार-पाच वर्षं आधी जब्बार पटेल, तेंडुलकर, लागू आणि निळू फुले याच चौघांनी 'सामना' केला होता. १९७५ साली तो बर्लिनच्या महोत्सवात स्पर्धेत होता. त्यात निळूभाऊ म्हणजे हिंदुराव धोंडे पाटील, साखरेच्या जोरावर अख्खा तालुका खिशात घालून हिंडणारा माणूस. आणि लागू म्हणजे दारूत बुडालेला मास्तर, जो मारुती कांबळेचं काय झालं हे विचारायचं सोडत नाही. चार-पाच वर्षांनी दोघांनी जागा बदलल्या. प्रश्न विचारणारा कट रचायला बसला आणि सत्ता गाजवणारा वही-पेन घेऊन दाराबाहेर उभा राहिला. मुद्दाम केलं असेल की नसेल, माहीत नाही. पण दोन्ही पाठोपाठ बघितले की अंगावर काटा येतो.

आता जपान. त्यांच्याकडे असल्या माणसाला एक खास शब्द आहे, 'कुरोमाकू'. शब्दशः काळा पडदा. काबुकी नाटकातून आलेला शब्द. आपला सूत्रधार नाटकाच्या सुरुवातीलाच स्टेजवर येऊन प्रेक्षकांना नमस्कार करतो. त्यांचा कुरोमाकू शेवटपर्यंत दिसत नाही. राजकारणाच्या गप्पांत आपण 'पडद्यामागचा सूत्रधार' म्हणतो तेव्हा बिचाऱ्या सूत्रधारावर अन्यायच करतो.

अकिरा कुरोसावाचा १९६० चा पिक्चर आहे, इंग्रजीत 'द बॅड स्लीप वेल' म्हणून मिळतो. सरकारी महामंडळ आणि बांधकाम कंपनी यांचं साटंलोटं. सुरुवातीला लग्नाचं रिसेप्शन, आणि केक येतो तो ऑफिसच्या बिल्डिंगच्या आकाराचा. एका खिडकीत गुलाब खोचलेला. त्याच खिडकीतून काही वर्षांपूर्वी एका अधिकाऱ्याने उडी मारलेली असते. सॉलिड! पण मला विचाराल तर खरा धक्का शेवटच्या सीनला. महामंडळाचा तो मोठा साहेब, ज्याला आपण दोन-अडीच तास मुख्य व्हिलन समजत असतो, तो फोनवर बोलतो आणि समोर कोणी नसताना कमरेत वाकतो. पलीकडे कोण आहे ते दिसत नाही, आवाजही नाही. म्हणजे हासुद्धा कुणाच्या तरी खालीच. 'सिंहासन' फोनने सुरू होतो, हा फोनने संपतो.

दुसरा मात्र आमच्या धंद्यातला. माझ्या नेहमीच्या वाचकांना ठाऊक आहे, मी पुण्यात एका कंपनीत टेंडरं भरते. पिक्चर बघणं हा शौक, पोट भरतं ते ईएमडी, परफॉर्मन्स गॅरंटी आणि 'करिजेंडम नंबर सात' यांच्यावर. त्यामुळे 'किंकानशोकू' बघताना मी अक्षरशः पॉज करून करून बघितला. १९७५ चा, दिग्दर्शक सात्सुओ यामामोतो, तात्सुझो इशिकावाच्या कादंबरीवरून. नावाचा अर्थ कंकणाकृती सूर्यग्रहण. कडेला सोन्याची रिंग, मधे काळंकुट्ट. गोष्ट १९६४ च्या आसपासची. सत्ताधारी पक्षाच्या अध्यक्षपदाची निवडणूक लागलीये, जो जिंकेल तो पंतप्रधान, आणि मतं विकत घ्यायला रोकड हवी. ती कुठून काढायची? धरणातून. एका मोठ्या धरणाचं टेंडर ठरावीक कंपनीला द्यायचं आणि कंपनीने त्यातून पैसे परत करायचे. नावं बदललीत, पण मागे खरं प्रकरण आहे, फुकुई प्रांतातल्या कुझुर्यू धरणाचं. त्यावर १९६५ साली तिथल्या संसदेत गदारोळ झाला होता.

आता ट्रिक बघा. आम्हाला टेंडरच्या बाळगुटीतच पाजलेलं असतं की सगळ्यात कमी बोली ती एल-वन, काम त्याला. तिथे उलटं केलं. एक किमान रक्कम ठरवायची, तिच्या खाली जो जाईल तो बाद. कारण काय, तर इतक्या स्वस्तात काम धड होणार नाही. ऐकायला किती शहाणपणाचं! फक्त ती रक्कम एकाच कंपनीला आधीच ठाऊक असते. बाकीचे सगळे बाद, आणि सगळ्यात महागडी बोली लावणारा जिंकतो. सगळं नियमात, सगळं कागदावर. मी एकटीच हॉलमध्ये टाळ्या वाजवल्या.

आणि दबाव कसा आणतात? पंतप्रधानांच्या बायकोचं व्हिजिटिंग कार्ड. त्यावर अमुक कंपनीकडे लक्ष असू द्या, अशा अर्थाचा मजकूर. एवढंच. ते कार्ड योग्य टेबलावर पोहोचतं आणि धरण हलतं. आपल्याकडच्या 'चिठ्ठी'ची जपानी मावसबहीण. तात्सुया नाकादाई त्यात सरकारचा मुख्य सचिव झालाय, कुरोसावाच्या 'रान'मधला म्हातारा राजा तोच. चेहऱ्यावरची माशी हलत नाही.

पण मला लागलं ते वेगळंच. पिक्चर संपतो तेव्हा मोठ्यांपैकी फारसं कुणाचं बिघडत नाही. मरतो कोण? एक सेक्रेटरी, गच्चीवरून पडून. एका छोट्याशा पेपरचा संपादक, त्याचा खून होतो. कुरोसावाच्या पिक्चरमध्येही जीव जातात ते डेप्युटी, असिस्टंट, सेक्शनमधले लोक यांचे. 'सामना'त गायब होतो तो मारुती कांबळे. म्हणजे ज्यांनी कार्ड पोहोचवलं, फोन जोडून दिला, फाइल उचलून नेली, ते. यात हिरो-व्हिलनचे रोल आपल्याला मिळणार नाहीत हो. आपल्या सॅलरी स्लिपला जो रोल बसतो, तो हाच.

हे सगळं पिक्चरमध्येच होतं असं वाटत असेल तर जरा मागे चला. 'सिंहासन' आला १९७९ ला. १९८१ साली 'इंडियन एक्सप्रेस'मध्ये अरुण शौरींनी मुख्यमंत्री बॅ. अंतुले यांच्या ट्रस्टचं प्रकरण बाहेर काढलं. तेव्हा सिमेंट कंट्रोलमध्ये होतं, सरकारच्या परवान्याशिवाय गोणी मिळायची नाही. आरोप असा की बिल्डरांनी ट्रस्टला देणग्या द्यायच्या आणि बदल्यात सिमेंटचा कोटा घ्यायचा. जानेवारी १९८२ मध्ये मुंबई हायकोर्टात न्यायमूर्ती लेंटिन यांचा निकाल विरोधात गेला आणि अंतुलेंनी राजीनामा दिला. पुढे ते केंद्रात मंत्रीही झाले. जपानमध्येही तेच टायमिंग. 'किंकानशोकू'नंतर काही महिन्यांतच, १९७६ साली, लॉकहीड विमान कंपनीच्या लाचेचं प्रकरण फुटलं. त्यात माजी पंतप्रधान काकुएई तानाका यांना अटक झाली आणि योशिओ कोदामा नावाचा खराखुरा कुरोमाकू उजेडात आला.

आणि धरणं? २०१२ आठवतंय? तुमच्यापैकी काही जण तेव्हा कॉलेजात असतील. राज्याच्या आर्थिक पाहणीतल्या आकड्यांवरून गदारोळ उठला. दहा वर्षांत सिंचनावर सुमारे ७० हजार कोटी खर्च आणि सिंचनाखालचं क्षेत्र वाढलं ०.१ टक्का. सप्टेंबरमध्ये तेव्हाचे उपमुख्यमंत्री अजित पवार यांनी राजीनामा दिला. नोव्हेंबरात सरकारने श्वेतपत्रिका काढली, तीत वाढ ५.१७ टक्के दाखवली. डिसेंबरात ते परत उपमुख्यमंत्री झाले. नंतर चितळे समिती झाली, एसीबीची चौकशी झाली, आणि विदर्भातल्या प्रकरणांत त्यांच्यावर जबाबदारी येत नाही असं एसीबीने २०१९ मध्ये कोर्टाला सांगितलं. या सगळ्या धुरळ्यात आमच्या धंद्यातला एक शब्द अख्ख्या महाराष्ट्राला पाठ झाला, 'सुप्रमा'. सुधारित प्रशासकीय मान्यता. जपानी ट्रिकची गरजच नाही. काम आधी बेताच्या आकड्यात मंजूर करून घ्यायचं, मग सुप्रमा, मग त्याचीही सुप्रमा. प्रत्येक सुप्रमा म्हणजे घोटाळा नसतो हं. भूसंपादन वर्षानुवर्षं लांबतं, लोखंडाचे भाव वाढतात, हे मी रोज बघते. पण खरं कारण आणि सोयीचं कारण एकाच फॉर्मवर, एकाच शाईत लिहिलेलं असतं. तेच तर अवघड आहे.

या प्रकरणातला मला आवडलेला माणूस मंत्री नाही आणि विरोधी पक्षनेताही नाही. मुख्य अभियंता विजय पांढरे. त्यांनी नोकरीत असताना वरिष्ठांना पत्र लिहिलं, कामांमध्ये काय चाललंय ते. फोन नाही, पत्र. सहीनिशी. नंतर नोकरी सोडून ते २०१४ ला नाशिकमधून लोकसभेला उभे राहिले आणि पडले. त्यावर पिक्चर अजून कुणी काढलेला नाही.

या दिवाळीत लॅपटॉप घेऊनच गावी गेले. माझं गाव माकणी, तालुका लोहारा. पुण्यातून निघायचं, सोलापूर, नळदुर्ग, मग आतला रस्ता. ऑफिसात माकणी म्हटलं की चेहरे कोरे. किल्लारीजवळ म्हटलं की लगेच, 'अरे हो, भूकंप!' ३० सप्टेंबर १९९३. आमच्या पट्ट्यातल्या प्रत्येक घरात ती पहाट अजून राहते. पण आमची दुसरी ओळख म्हणजे धरण. निम्न तेरणा प्रकल्प. भूकंपानंतर कितीतरी लोक म्हणायचे की या धरणाच्या पाण्यानेच जमीन हलली. शास्त्रज्ञांनीही त्यावर पेपर लिहिले, वाद घातले. जे दिसत नाही त्याच्यामागे कोणीतरी असणारच, हा आमचा जुना स्वभाव. (माकणीच्या धरणाच्या टेंडरबद्दल मी काहीही म्हणत नाहीये. गावी परत जायचंय मला.)

तर आमचे तात्या, म्हणजे मोठे चुलते. आयुष्यभर सरकारी कारकून. कुठलं खातं ते छापायचं नाही, अशी तंबी आहे. फराळाचं ताट घेऊन माझ्या शेजारी येऊन बसले.

"काय बघायलीस गं बाई?"

"जपानी पिक्चर आहे तात्या. धरणाच्या टेंडरचा."

तात्या चिवडा खायचे थांबले. मग पूर्ण अडीच तास मी सबटायटल्स वाचून मराठीत सांगत होते आणि तात्या माझ्या आधी सांगत होते. किमान रकमेची ट्रिक तर मी अर्धी सांगितली, उरलेली त्यांनी पुरी केली. कार्ड आलं तेव्हा नुसते हसले. पिक्चर संपल्यावर पहिला प्रश्न काय विचारावा?

"पण त्ये धरण झालं का?"

झालं, म्हटलं. खरं धरण १९६८ ला पुरं झालं. वीज होते त्याच्यावर.

"मंग?"

त्या 'मंग'ला माझ्याकडे पटकन उत्तर नव्हतं. मी त्यांना तानाकाची गोष्ट सांगितली. बर्फात अडकलेल्या निइगाता भागाचा माणूस, शिक्षण बेताचं, पंतप्रधान झाला. गावाकडे रस्ते, बोगदे आणले, १९८२ ला बुलेट ट्रेनसुद्धा पोचली. १९८३ च्या ऑक्टोबरात लॉकहीड प्रकरणात चार वर्षांची शिक्षा झाली. अपील करून डिसेंबरात निवडणुकीला उभा राहिला आणि २ लाख २० हजारांवर मतं घेऊन निवडून आला. तात्यांना तानाका एकदम पसंत पडला. म्हणाले, "आपल्याकडं असता तर बिनविरोध आला असता. पाणी आणणाऱ्याला कोण पाडतंय?" मी म्हटलं, "तात्या, पाणी लोकांच्याच पैशाने येतं." तर म्हणाले, "ते तुमच्या पुण्यात. हितं आधी पाणी येऊ द्या, मग पैशाचं विचारू." यावर आमचं पुढचे दोन दिवस भांडण चालू होतं. काकूने शेवटी दोघांनाही करंजा भरायला बसवलं.

करंजा भरता भरता मी त्यांना विचारलं, वरून फोन आला की तुम्ही काय करायचा? तात्यांनी फार साधं सांगितलं. ऐकून घ्यायचं, हो साहेब म्हणायचं, आणि टिपणीवर लिहायचं, 'मा. साहेबांच्या तोंडी आदेशानुसार'. खाली तारीख, वेळ, सही. साहेब भडकायचे? भडकायचे की! दोनदा बदली झाली. एकदा फाइलचं ते पानच नवीन लिहून आणायला सांगितलं. तात्यांनी आणलं, त्या पानावरही तेच वाक्य लिहिलं. "आपुन काय चोर पकडायला बसलो न्हवतो," म्हणाले. "पर उद्या कुणी ईचारलं तर आपल्या हातात कागूद पाहिजे."

पुण्यात परत आले. दहा-बारा दिवसांनी एका कामात तोंडी सांगण्यात आलं की आपण ज्या क्लायंटसाठी टेंडरचा मसुदा करतोय, त्यातली अनुभवाची एक अट जरा बदल. इतकी बदल की ती एकाच कंपनीला बसेल. कंपनी कुठली, क्लायंट कोण, ते जाऊ द्या. कुणी सांगितलं म्हणून विचारलं तर उत्तर तुम्हाला पाठ आहे. मी म्हटलं, हो सर. जागेवर आले आणि मेल टाकला. 'अ‍ॅज डिस्कस्ड, अट क्रमांक अमुकमध्ये खालीलप्रमाणे बदल करण्यास आपण सांगितले आहे. कृपया कन्फर्म करावे.' पाच मिनिटांत सर माझ्या टेबलाशी. "मेल कशाला केलास? बोललो होतो ना आपण!" आवाज चढलेला, पण कन्फर्म मात्र कोणी केलं नाही. ती अट होती तशीच गेली. या वर्षी माझा पगारही होता तसाच आहे.

तात्यांना फोनवर सांगितलं तर त्यांना माझ्या पगारात अजिबात इंटरेस्ट नव्हता. मेलची प्रिंट काढून ठेवलीस का, एवढंच विचारलं. आणि पुढच्या खेपेला येताना 'सामना' घेऊन ये म्हणाले. "निळूभाऊ त्यात कारखान्याचे चेअरमन हायेत ना? तोच आण. जपानी नको."